लेस्टर यंग ऐकायचाय? अल्बम सोडा, तारीख बघा

ॲपवर लेस्टर यंग असं टाईप केलं की अल्बमची रांगच लागते. कव्हरवर तोच टोपीवाला फोटो, अल्बमचं नाव दरवेळी वेगळं, आतली गाणी फिरून फिरून तीच, आणि साल बघायला जावं तर २००४ नाहीतर २०१६. माणूस तर १९५९ सालीच गेला. मी सुरुवात केली तेव्हा असाच कुठला तरी 'बेस्ट ऑफ' लावला होता, त्यात एक गाणं १९३९ चं, पुढचं १९५२ चं, त्याच्यानंतरचं परत १९४४ चं, आणि मला वाटायचं की एकच माणूस मूड बदलून बदलून वाजवतोय. अर्धं वर्ष तसंच गेलं. म्हणून हे लिहितोय, कारण टेनर सॅक्सोफोनवर या माणसाने जे करून ठेवलंय ते खरंच ऐकण्यासारखं आहे आणि ते नीट क्रमाने ऐकलं तर जॅझ अजिबात न ऐकलेल्या माणसालाही कळतं, हे मी घरातल्या लोकांवर करून बघितलंय.

सगळ्यात आधी एक वही घ्या, किंवा फोनमध्ये शीट उघडा. कॉलम पाचच: रेकॉर्डिंगची तारीख, शहर, रेकॉर्ड कुणाच्या नावावर निघाली, कोण कोण वाजवतंय, आणि कितवा टेक, म्हणजे तेच गाणं कितव्यांदा रेकॉर्ड केलेलं. अल्बमचं नाव लिहायचंच नाही. कारण लेस्टर ऐन भरात होता तेव्हा आजच्यासारखा अल्बम हा प्रकार नव्हता, ७८ च्या तबकड्या होत्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, एका बैठकीत अशा चारेक बाजू व्हायच्या. एलपी आली १९४८ ला. त्यामुळे १९४८ च्या आधीचा जो काही 'अल्बम' तुम्हाला दिसतो तो नंतर कुणीतरी गोळा करून बांधलेला असतो, आणि बांधणाऱ्याने जशी मनाला येईल तशी गाणी लावलेली असतात. ॲपवरचं साल हे बहुतेकदा त्या गोळा केलेल्या सीडीचं असतं. ते सोडून द्या आणि सेशनची तारीख शोधा, गाण्याचं नाव आणि वादकांची नावं टाकली की सेशनच्या याद्या सापडतात, लोकांनी फार मेहनतीने केलेल्या आहेत.

दुसरं म्हणजे त्याच्या नावाने शोधूच नका. त्याचं सुरुवातीचं बहुतेक सगळं काम दुसऱ्यांच्या नावावर आहे. बँडवाला काउंट बेसी शोधा, पियानोवाला टेडी विल्सन शोधा, गायिका बिली हॉलिडे शोधा. आणि अगदी पहिलं रेकॉर्डिंग पाहिजे तर जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड असं शोधा. हे नाव का, तर बेसीने डेक्का कंपनीशी करार केला होता, २४ बाजूंचे मिळून ७५० डॉलर आणि रॉयल्टी शून्य असा वाईट करार, आणि रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडला हा बँड आधी आपण रेकॉर्ड करायचा होता, मग बेसीचं नाव वापरता येईना म्हणून ड्रमर जो जोन्स आणि ट्रम्पेटवाला कार्ल स्मिथ यांची आडनावं जोडून टाकली. शिकागो, ९ नोव्हेंबर १९३६. पाच वादक आणि दोन गाण्यांना गायक जिमी रशिंग. लेस्टर तेव्हा २७ वर्षांचा होता. गावोगाव वाजवून वाजवून हात पूर्ण तयार झालेला, पण तोपर्यंत त्याची एकही रेकॉर्ड नव्हती. त्यामुळे पहिल्या रेकॉर्डमध्ये चाचपडणं वगैरे काही सापडत नाही, माणूस अख्खा तयार होऊनच येतो.

आता ऐकायचं कसं. आमच्याकडे वडिलांना तबल्याचा नाद, त्यामुळे मला बोटांच्या पेरांवर तीनताल मोजायची सवय लहानपणापासून, आणि तीच इथे इतकी उपयोगी पडली की काय सांगू. या जमान्यातली बहुतेक गाणी ३२ बारची असतात, बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण १२८. तीनतालाची १६ मात्रांची आवर्तनं धरली तर बरोब्बर आठ. त्यातली पहिली दोन आवर्तनं एक चाल, पुढची दोन तीच चाल परत, मग दोन आवर्तनं वेगळी चाल, साधारण आपल्या अंतऱ्यासारखी, आणि शेवटची दोन पुन्हा पहिली चाल. याला कोरस म्हणतात. एवढं मोजता आलं की झालं, आता वादक कुठे आहे ते तुम्हाला कायम कळणार. ब्लूज असेल तर १२ बार, म्हणजे ४८ मात्रा, तीन आवर्तनं. फक्त एक लक्षात ठेवा की इथे समेवर जोर देऊन येणं हा प्रकार नसतो, ड्रमर उलट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर भर देतो, त्यामुळे सुरुवातीला समच हरवते. पायाने चार मारत राहा आणि पियानोने चाल परत सुरू केली की तिथून नवीन आवर्तन पकडा. दोन-तीन दिवसांत जमतं.

हे मोजत मोजत १९३६ च्या बैठकीतलं 'शू शाईन बॉय' लावा. लेस्टरचा सोलो दोन कोरसचा आहे, ६४ बार, म्हणजे सोळा आवर्तनं, लय बऱ्यापैकी जलद. पहिल्या वेळी मोजूच नका, नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी मोजा. तिसऱ्या वेळी त्याच्याबरोबर गुणगुणा, हे सगळ्यात महत्त्वाचं, लाजू नका. गुणगुणायला लागलात की कळतं, हा माणूस आवर्तनाच्या कडेवर थांबत नाही, त्याचं वाक्य एका आवर्तनात सुरू होतं आणि दुसऱ्यात कुठेतरी मध्येच संपतं, आणि तरी एकूण हिशोब चोख. ज्याने चांगला ख्याल ऐकलाय त्याला हे ओळखीचं वाटेल. या गाण्याचे दोन टेक उपलब्ध आहेत, दोन्ही ऐका आणि वहीत लिहून ठेवा की दुसऱ्यात काय बदललं. त्याच बैठकीतलं 'लेडी बी गुड' पण ऐकून ठेवा, तिथेही दोन कोरस आहेत. त्याचं पुढे काम पडणार आहे.

ऐकायच्या जागेबद्दल थोडं, कारण यात मी बराच वेळ वाया घालवलाय. मी नौपाड्यात राहतो, ऑफिस महापेला, म्हणजे रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडून कोपरखैरणे आणि तिथून पुढे रिक्षा. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे साधारण एका स्टेशनाला एक, असा मी हिशोब बसवला होता, ऐरोलीला एक, रबाळेला एक, घणसोलीला एक. पण लोकलच्या खडखडाटात जुन्या रेकॉर्डिंगमधला बास पूर्ण खाल्ला जातो आणि वॉल्टर पेजचा बास गेला की लेस्टर कशावर तरंगतोय तेच कळत नाही. त्यामुळे आता गाडीत मी फक्त आधी घरी ऐकलेलं परत ऐकतो, पाठ करायला. नवीन काही असेल तर रात्री जेवणं झाल्यावर पंखा बंद करून, हेडफोन साधेच असले तरी चालतील पण कान पूर्ण झाकणारे पाहिजेत. नाहीतर सकाळी लवकर उपवन तलावाच्या कठड्यावर बसून, रिक्षा आणि गाड्या सुरू व्हायच्या आत.

आणि कुठल्या ट्रान्सफरवरून, म्हणजे जुन्या तबकडीवरून केलेल्या कुठल्या प्रतीवरून ऐकताय ते बघा. खरखर अजिबात येत नसेल तर खूश होऊ नका, खरखर पुसताना वरचे सूरही पुसले जातात आणि सॅक्सोफोन गोधडीत गुंडाळल्यासारखा ऐकू येतो. थोडी खरखर असलेली प्रत घ्या, दहा मिनिटांत कान ती विसरतो. काही प्रतींचा स्पीडही चुकलेला असतो, त्यामुळे पट्टी किंचित वर किंवा खाली सरकते. घरी हार्मोनियम असेल तर ताडून बघा, सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लटकत असेल तर दुसरी प्रत शोधा.

आता कान लावायचं काम. सॅक्सोफोन म्हटला की आपल्या कानात मनोहारी सिंगांनी हिंदी गाण्यांत वाजवलेला असतो, नाहीतर लग्नाच्या बँडमधला. टेनर हा त्याचा जरा खालच्या आवाजाचा भाऊ. आणि लेस्टरच्या काळात टेनर म्हणजे कोलमन हॉकिन्स, जाड, भरदार, थरथरता आवाज, प्रत्येक कॉर्डमधला एकेक सूर उलगडून दाखवणारा. १९३४ ला हॉकिन्स युरोपला गेला आणि त्याच्या जागी फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये लेस्टर आला, तर बाकीच्या वादकांना याचा आवाज पातळ वाटला, हेंडरसनच्या बायकोने त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्डी लावून दाखवल्या की बाबा असं वाजव. त्याने वाजवलं नाही तसं, काही महिन्यांतच तो बँड सोडला. त्याच्या कानात फ्रँकी ट्रमबाउअरचा सी-मेलडी सॅक्सोफोन होता, तो हलका, सरळ आवाज त्याला टेनरवर पाहिजे होता.

हा फरक वाचून नाही कळत, पण तो ऐकायला एक रेकॉर्ड फार सोयीची आहे, काउंट बेसीचा 'वन ओ'क्लॉक जंप', ७ जुलै १९३७. ब्लूज आहे, म्हणजे प्रत्येक कोरस तीन आवर्तनांचा. सुरुवातीला बेसीचा पियानो, मग जो टेनर येतो तो हर्शेल इव्हान्स, हॉकिन्सच्या वळणाचा, उबदार, कंप असलेला. त्याच्यानंतर ट्रॉम्बोन आणि मग जो दुसरा टेनर येतो तो लेस्टर. वाद्य तेच, बँड तोच, माईक तोच, आणि दोन माणसं किती लांब उभी आहेत बघा. हे दहा वेळा ऐका. एकदा कान बसला की १९३८ च्या शेवटापर्यंतच्या बेसीच्या कुठल्याही रेकॉर्डवर तुम्ही सांगू शकाल की आत्ता कोण वाजवतंय. १९३८ का, तर हर्शेल लगेच पुढे फेब्रुवारी १९३९ मध्ये वारला.

मग ५ सप्टेंबर १९३९ चं 'लेस्टर लीप्स इन', बेसीच्याच माणसांचा छोटा सात जणांचा संच. ३२ बार, आठ आवर्तनं. लेस्टरच्या सोलोत पुढे एके ठिकाणी सगळे वादक मात्रा वाजवायचं थांबवतात, नुसते मधून मधून एक ठोका देतात, आणि तो एकटा मोकळ्या जागेत चालत राहतो. तबलजी थांबला आणि गवय्याने लय आतल्या आत धरून ठेवली तर कसं वाटेल तसं. तिथे मोजणं सोडू नका, तिथेच तर खरी मजा आहे. कधी कधी तो एकच सूर दोन वेगळ्या फिंगरिंगने लागोपाठ वाजवतो, सूर तोच राहतो पण रंग बदलतो, वा-उ वा-उ असं काहीतरी.

बिली हॉलिडेबरोबरची गाणी मी मुद्दाम नंतर ठेवायला सांगतो, ती आधी ऐकली तर लक्ष तिच्या आवाजाकडेच जातं, जाणारच. २५ जानेवारी १९३७, न्यूयॉर्क, टेडी विल्सनच्या नावावर. 'धिस इयर्स किसेस' लावा. सुरुवातीला चाल लेस्टर वाजवतो, बिली मागून येते, आणि असं वाटतं की तिने त्याचंच वाक्य उचललं आणि शब्द घातले. मग जून १९३७ चं 'अ सेलबोट इन द मूनलाईट' आणि 'मी, मायसेल्फ अँड आय', यात ती गात असताना तो मागे काय वाजवतोय ते ऐका, फक्त तेच. चांगला हार्मोनियमवाला गायकाच्या मागे कसा जातो, गायकाने जागा सोडली की भरतो आणि गायक परत आला की बाजूला होतो, तसंच हे, आणि कुठेही तिच्या शब्दावर पाय पडत नाही. आईला ऐकवलं तर ती म्हणाली, हा तिच्याशी बोलतोय. तिला जॅझचा ज देखील माहीत नाही. बिलीनेच लेस्टरला प्रेझ म्हणायला सुरुवात केली, प्रेसिडेंट म्हणून, आणि तिचं लेडी डे हे नाव त्याने ठेवलेलं.

मध्ये एक छोटी गंमत म्हणून सप्टेंबर १९३८ चा कॅन्सस सिटी सिक्सचा सेट ऐका, तिथे तो क्लॅरिनेट पण वाजवतो, 'आय वॉन्ट अ लिटल गर्ल' मध्ये. क्लॅरिनेटवर त्याचं फार थोडं काम आहे. मला तर कधी कधी टेनरपेक्षा हेच जवळचं वाटतं.

१९४० च्या शेवटी त्याने बेसीला सोडलं आणि पुढे वहीत एक मोठी पोकळी दिसेल. घाबरू नका, तुमची यादी चुकलेली नाही. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला होता, कंपन्यांनी एकेक करून समझोते केले, त्यातल्या दोन मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या, आणि आधी तयार झालेल्यांत कीनोटसारख्या छोट्या कंपन्या होत्या. म्हणून २८ डिसेंबर १९४३ चं सेशन कीनोटवर आहे. चारच वादक, 'समटाइम्स आय ॲम हॅपी' आणि 'जस्ट यू, जस्ट मी'. माझ्या मते सुरुवात करणाऱ्या माणसाला एकच सेशन द्यायचं झालं तर हे द्यावं. आवाज साफ, गर्दी नाही, आणि 'समटाइम्स आय ॲम हॅपी' ची लय इतकी सैल की प्रत्येक वाक्य हातात घेऊन बघता येतं.

आता जिथे बहुतेक लोक थांबतात तो भाग. १९४४ च्या शरद ऋतूत त्याला लष्करात भरती केलं, १९४५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या फोर्ट मॅक्लेलनला कोर्ट मार्शल झालं, गांजा आणि नशेच्या गोळ्या सापडल्या म्हणून, आणि वर्षाच्या शेवटापर्यंत तो जॉर्जियातल्या लष्करी तुरुंगात होता. सुटल्यावर लगेच केलेली रेकॉर्ड 'डी. बी. ब्लूज', डी. बी. म्हणजे डिटेन्शन बॅरॅक्स. हे मोजून बघा, नाव ब्लूज आहे पण १२ बारचे दोन तुकडे, मग ८ बार, मग परत १२, एकूण ४४, अकरा आवर्तनं. कैदेतून आलेला माणूस इतकी नीटस रचना घेऊन येतो.

लष्करानंतर तो संपला, असं तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. मी पण ते मान्य करून बसलो होतो आणि नंतरचं काही ऐकतच नव्हतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. आवाज बदलला, जाड झाला, वजन आलं, काही रेकॉर्डींवर थकवा स्पष्ट ऐकू येतो, दारूने तब्येत गेली होती, ते लपत नाही. पण संपला का, हे तुम्ही स्वतः ठरवा, आणि त्यासाठी जोड्या लावून ऐका. वहीत तारखा आहेतच. 'जस्ट यू, जस्ट मी' १९४३ चं आणि मग १९५२ चं, पियानोवाला ऑस्कर पीटरसन याच्याबरोबरचं. 'दीज फूलिश थिंग्ज' १९४५ चं आणि १९५२ चं. एक संध्याकाळ एक जोडी, जास्त नको. १९४६ चं नॅट किंग कोल आणि बडी रिच बरोबरचं त्रिकूटही घ्या, त्यात बासच नाही, आणि कंपनीच्या करारामुळे कोलचं नाव रेकॉर्डवर 'आय गाय' असं टाकलेलं, त्यामुळे यादीत गोंधळू नका.

आणि सगळ्यात मोठी जोडी 'धिस इयर्स किसेस' ची. पहिलं १९३७ चं, जे तुम्ही ऐकलंत. दुसरं १२ जानेवारी १९५६ चं. पियानोवर तेव्हाही टेडी विल्सन आणि आताही टेडी विल्सन, गिटारवर तोच फ्रेडी ग्रीन, ड्रमवर तोच जो जोन्स. मध्ये १९ वर्षं. यावेळी बिली नाही. लय उतरलेली, एलपीचा जमाना असल्याने तीन मिनिटांचं बंधन नाही. तो सूर लावतो आणि मध्ये जागा सोडतो, पूर्वीपेक्षा खूप जास्त जागा, आणि त्या जागेत मला तरी दरवेळी ती गाताना ऐकू येते. दुसऱ्या दिवशी, १३ जानेवारीला, लेस्टर, विल्सन, जो जोन्स आणि बासवाला जीन रेमी अशा चौघांनीच बसून आणखी एक अल्बम केला, त्यातलं 'ऑल ऑफ मी' आणि बिलीचं मार्च १९४१ चं 'ऑल ऑफ मी', ज्यात लेस्टरचा सोलो आहे, ही पण जोडी लावा. १९५६ च्याच डिसेंबरमधलं वॉशिंग्टनच्या एका क्लबमधलं रेकॉर्डिंग आहे, तिथल्याच स्थानिक पियानो त्रयीबरोबर, तेही चांगलं आहे, निवांत दिवशी ऐका.

डोळ्यांनी बघायचं एकच सांगतो. ८ डिसेंबर १९५७, सीबीएस टीव्हीवरचा थेट कार्यक्रम 'द साउंड ऑफ जॅझ', बिली गातेय 'फाइन अँड मेलो'. ब्लूज, तीन आवर्तनांचा एकेक सोलो. आधी बेन वेबस्टर, मग लेस्टर, आणि पुढे हॉकिन्ससुद्धा, म्हणजे तीन थोर टेनर एका गाण्यात. लेस्टर सगळ्यात कमी सूर वाजवतो. मान हलवत त्याच्याकडे बघणाऱ्या बिलीचा चेहरा बघा. फक्त एक सांभाळा, कार्यक्रमाच्याच नावाची एलपी आहे ती काही दिवस आधी स्टुडिओत केलेली, प्रसारण वेगळं, एलपी वेगळी. वहीत दोन ओळी करा.

शेवटची नोंद पॅरिस, मार्च १९५९. हे सगळं झाल्याशिवाय ते उघडू नका, आधी ऐकलं तर नुसता एक आजारी माणूस ऐकू येईल. तिथून तो न्यूयॉर्कला परतला आणि १५ मार्चला गेला, वय ४९. त्या पॅरिसच्या रेकॉर्डिंगमध्ये परत एकदा 'लेडी बी गुड' आहे. आता वहीची पहिली ओळ काढा, ९ नोव्हेंबर १९३६ ची, तो सोलो तुम्हाला एव्हाना पाठ झालेला असेल, तो एकदा गुणगुणा आणि मग पॅरिसचं लावा.